ढाल गावाची, बकरा माझा

माझ्या फिफ्टीची गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. निपाणीजवळच्या तंबाखूच्या रानात फायनल, समोर वडगावची तगडी टीम, आणि आमचा यल्लाप्पा एकटा लढला — अशी ती गोष्ट. तिच्या पोटातली दुसरी गोष्ट मात्र मी बायकोला सांगितली नाही, आईला सांगितली नाही, चार घोट पोटात गेल्यावरसुद्धा कधी ओठांवर येऊ दिली नाही. तुम्हाला सांगतोय. तुमचा माझा संबंध नाही, तुम्ही माझं तोंड ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी माझ्या रागाबद्दल सांगायला हवं, कारण तो राग पुढं माझ्या फार कामी आला.

आमचं गाव बेळगावजवळ, सांबऱ्याच्या पलीकडं. थोडी शेती आहे, आणि मी उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. लोखंड सोलायचं काम. लहानपणापासून लोक म्हणत आले, यल्लाप्पाचं डोकं गरम. ते खरंही होतं. शाळेत असताना मी एकाचा कान चावला होता. एकदा बाद दिल्यावर स्टंप उपटून अंपायरच्या अंगावर फेकला, तो त्याच्या नडगीवर बसला आणि बिचारा आठवडाभर लंगडत होता. बॅटिंगही तशीच. टायमिंग, पायांची हालचाल, असलं काही मला येत नव्हतं. समोरून बॉल आला की त्यानं आपल्या घरावर दगड टाकलाय असं समजून त्याला कुटायचं, एवढंच येत होतं. लोकांना ते आवडायचं. लोकांना रागीट माणूस लांबून आवडतो.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावी बक्षीस समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. हार घातला, माईक हातात दिला. मी म्हणालो, पोरांनो, आधी टीम, मग आपली फिफ्टी. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बसलेला एक म्हातारा मान डोलवत होता. माझी जीभ झडली नाही. घरी आलो, जेवलो, झोपलो.

असं बोलायला किती निर्लज्जपणा लागतो? फार लागत नाही, सवय झाली की.

परशरामबद्दल सांगतो. परशा वडगावचा, बेळगावातल्या त्या विणकरांच्या पेठेतला. घरी माग नव्हता, दुसऱ्याच्या पॉवरलूमवर साड्या विणायचा. बारीक, काटक, बोलायला हळू. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचा. एका रविवारी मैदानावर ओळख झाली आणि मग आम्ही कुठंही खेळायला गेलो की एकाच गाडीवर. आमच्या घरी यायचा तेव्हा आई त्याच्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकायची. तो बॉल कुटायचा नाही, नुसता ढकलायचा, जिथं माणूस नाही तिथं. आणि पळायचा असा की बघत राहावं. मी एक रन काढेपर्यंत हा दोन काढून परत उभा.

आमच्याकडच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत गावाच्या टीमला एक पाव्हणा प्लेअर घेता येतो, बाहेरचा. त्या वर्षी मी मंडळात हट्ट धरून परशाला घेतला. मोठ्या माणसांनी विचारलं होतं, फायनलला वडगावच समोर आलं तर? हा आपल्याच पेठेविरुद्ध खेळेल काय? मी म्हणालो, माझी जबाबदारी. तो माझ्या शब्दावर आला. हे लक्षात ठेवा, मला ते कायम लक्षात होतं — मी बॅट उचलली तेव्हासुद्धा.

आणि फायनलला वडगावच समोर आलं.

तंबाखू काढून झाली की निपाणीच्या बाजूची रानं मोकळी होतात. रान नांगरून, रोलर फिरवून त्याचं मैदान करतात, पण खोडांचे बुडखे इथं तिथं राहतातच. अनवाणी पाय पडला तर रक्त काढतात. हवेत तंबाखूचा खकाणा, शिंका थांबत नाहीत. माईकवरचा माणूस एक वाक्य मराठीत, एक कन्नडमध्ये ओरडत होता. आणि बाउंड्रीच्या कडेला, बाभळीला, एक बकरा बांधलेला. काळा, कानावर पांढरा ठिपका. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गुलाल. जिंकणाऱ्या गावाला ढाल, आणि फायनलमध्ये जो पहिली फिफ्टी मारेल त्याला बकरा — अशी तिथली रीत. ढाल गावाची, बकरा माणसाचा. आठ ओव्हरच्या मॅचमध्ये फिफ्टी म्हणजे काही गंमत नाही. आमच्या गावात आजवर कुणी तसला बकरा आणला नव्हता.

तुम्हाला वाटेल, एका बकऱ्यासाठी? मलाही तसंच वाटलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. बकरा बाजारात मिळतो. पण टेम्पोतून बकरा घेऊन वेशीतून गावात शिरणं बाजारात मिळत नाही. हलगी वाजते, बायका दारात येतात, बापाच्या वयाची माणसं पाठीवर थाप मारतात. ते मला हवं होतं. पोटात भूक असावी तसं हवं होतं.

मॅचचं थोडक्यात सांगतो. वडगावनं चांगले रन केले, पण फिफ्टी कुणाचीच झाली नाही. आमची बॅटिंग आली आणि मी सुटलो. त्या दिवशी मी खरोखर खेळलो, ते खोटं नाही. एक सिक्स तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर असा आदळला की आतल्या बायका विड्या-पानं टाकून बाहेर आल्या. एक बॉल मी बॉलरच्या छातीवर परत मारला, तो खाली बसला, त्याला श्वास घेता येईना, आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या बाजूनं विकेटी पडत होत्या. मग परशा आला आणि त्यानं एक बाजू धरली. मी कुटत होतो, तो ढकलत होता. माईकवाला माझंच नाव घेत होता.

शेवटची ओव्हर. तीन बॉल राहिले, पाच रन हवे. मी अठ्ठेचाळीसवर. स्ट्राइक परशाकडं.

परशानं बॉल बाभळीच्या बाजूला ढकलला. तिथं कुणीच नव्हतं, फिल्डर लांबून पळत येत होता. दोन रन डोळे झाकून होते. मी पळता पळता ओरडलो, "दोन रं, दोन!" त्यानं ऐकलं, मान हलवली. आम्ही एकमेकांशेजारून गेलो. पहिला रन पूर्ण झाला. मी त्याच्या जागी पोचलो, म्हणजे आता स्ट्राइक माझ्याकडं. तो पलीकडं पोचला, बॅट टेकवली आणि वळून धावत सुटला.

मीही वळलो होतो. एक पाऊल टाकलंही होतं.

आणि तेवढ्यात मनात हिशेब झाला. दुसरा रन पळालो तर परशा परत स्ट्राइकवर. राहतील दोन बॉल, हवे असतील तीन रन, आणि हा पोरगा ते ढकलून काढेल. त्याला ते येतं. आपण जिंकू. आणि मी अठ्ठेचाळीसवर पलीकडं उभा. ढाल येईल, पण बकरा बाभळीलाच राहील.

मी टाकलेलं पाऊल मागं घेतलं. बॅट क्रीजमध्ये टेकवली आणि हात वर केला — थांब.

तो निम्म्यात आला होता. त्याच्या तोंडाकडं मी बघितलं. घाबरलं नव्हतं ते तोंड, गोंधळलं होतं. ओळखीच्या कुत्र्यानं चावावं तसं. तो वळला, परत पळाला, एका बुडख्यावर पाय अडकून गुडघ्यावर आपटला, पुन्हा उठला. तोवर बॉल बॉलरच्या हातात आला होता. स्टंप उडाले. परशा बाद.

पुढच्या बॉलला मी दोन रन काढले. माझी फिफ्टी झाली. फटाके लावले, कुणीतरी बकऱ्याला उचलून नाचवलं, तो भेदरून ओरडत होता. मी बॅट वर केली. आता एक बॉल, दोन रन. मी डोळे मिटून फिरवली असणार, कारण मला बॉल दिसल्याचं आठवत नाही. मागं दांड्या उडाल्याचा आवाज तेवढा आठवतो.

आम्ही एका रननं हरलो. मी जो सोडला होता, तेवढ्याच एका.

आता खरं सांगायचं ते पुढं आहे. स्वार्थानं एक रन सोडणारे खूप असतील, मोठमोठे असतील. तेवढंच असतं तर मी हे लिहायलाही बसलो नसतो.

आमचे लोक मैदानात शिरले. दोन टेम्पो भरून माणसं आली होती, सकाळपासून उन्हात, काहींनी घेतलेलीही होती. त्यांना कुणीतरी हवं होतं. आमचा कॅप्टन मल्लू परशाच्या अंगावर धावून गेला. "का पळालास रं? अण्णा थांबलाय, दिसत न्हाय?" परशाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, "अण्णाच म्हणालता की, दो—"

तेवढाच शब्द त्याला पुरा करू द्यायचा नव्हता.

मी बॅट उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्यानं उजवा हात आडवा घातला. बॅटची कड कोपरावर बसली. आवाज झाला तो कसा होता ते मी सांगू शकतो, कारण तो मला रोज कारखान्यातही ऐकू येतो, चिमट्यात धरलेली पट्टी कडकन तुटते तेव्हा. हात कोपरातून भलतीकडं वळला. तो ओरडलासुद्धा नाही आधी. नुसता हाताकडं बघत राहिला.

आणि मग मी म्हणालो — सगळ्यांना ऐकू जाईल असं — "पेठेला जिंकवायला पळालास काय रं? विकलास काय गावाला?"

बस्स. पुढचं लोकांनी केलं. त्याला खाली पाडला. लाथा पोटात, लाथा तोंडावर, कुणी स्टंपनं पाठीवर, कुणी चप्पल काढून. मी वर जी माणसं बापाच्या वयाची म्हणालो, तीसुद्धा होती. एकानं त्याचं डोकं केसाला धरून त्या बुडख्यांवर घासलं. त्याचा एक दात माझ्या बुटापाशी येऊन पडला. मीही मारलं. पहिल्या फटक्यानंतर थांबलो असं सांगायला मला आवडलं असतं. मी थांबलो नाही. तो परत बोलू लागेल या भीतीनं मी त्याच्या तोंडाकडं बघून बघून मारत होतो.

नंतर गावानं मला माफच केलं. यल्लाप्पाचं डोकं गरम, म्हणाले. एवढं खेळून हरल्यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? पण ऐका. इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेलं आहे ते हेच — त्या क्षणी मला राग आलाच नव्हता. आयुष्यात इतक्या वेळा आला, तेव्हा नाही. बॅट उचलली तेव्हा माझं डोकं थंड होतं. कुठं मारायचं, काय बोलायचं, कुठल्या शब्दावर लोक पेटतील, सगळं मला कळत होतं. रागाचं नुसतं सोंग घेतलं होतं. तोंड फुगवायचं, ओरडायचं, मला सवयच होती.

वडगावच्याच पोरांनी मध्ये पडून त्याला सोडवला. ज्यांना त्यानं जिंकवलं असा मी आरोप केला, त्यांनीच त्याला निपाणीच्या दवाखान्यात नेलं. आम्ही टेम्पोत बसलो. सकाळी येताना परशा केबिनच्या मागं कोपऱ्यात बसून आला होता, त्या जागी आता बकरा उभा होता. वाटेत त्यानं माझा हात चाटला. हाताला घाम होता, मीठ लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी आमच्या मळ्यात बकरा कापला. मागचे पाय मी धरले होते. जीव जाईपर्यंत त्यानं असे झटके दिले की माझे दोन्ही हात दुखले. मग रस्सा झाला, भाकऱ्या झाल्या, सगळी टीम पंगतीला. मी जेवलो. दोनदा रस्सा वाढून घेतला. आईनं विचारलं, वडगावचं पोरगं कसं आहे रं? मी म्हणालो, बरं आहे.

पोलिसात कोणी गेलं नाही. दोन्हीकडची माणसं आपलीच, सोयरीक होते इकडची तिकडं, चौकीत जाऊन कन्नडमध्ये आपली अब्रू कशाला लिहून घ्यायची, असं मोठ्यांचं ठरलं. जे काय ते देवळात मिटवा.

म्हणून काही आठवड्यांनी परशा आमच्या गावात आला. बरोबर त्याची आई. त्याला दवाखान्याचा खर्च नको होता, कुणाला शिक्षा नको होती. गावाला विकलं हे नाव त्याला लागलं होतं, ते त्याला पुसून हवं होतं. वडगावातसुद्धा लोक हसून विचारत होते, आमच्यासाठी पळालास म्हणे? हात बरा झाला तरी त्याला कुठली टीम घेणार नव्हती. मागाचा मालक त्याच्याकडं बघताना डोळे बारीक करायचा. खरं काय ते एकदा चारचौघांत बोला, एवढंच तो म्हणत होता.

बिरोबाच्या देवळात माणसं जमली. माझा बापही होता. दोघांचं म्हणणं वेगळं, साक्षीदार कुणी नाही, त्या गोंगाटात माझा शब्द दुसऱ्या कुणी ऐकला नव्हता. मग आमच्याकडं एकच उपाय असतो. बेल-भंडारा उचलायचा. देवापुढच्या ताटातली हळद आणि बेलाचं पान उजव्या हातात घ्यायचं आणि बोलायचं. खोटं बोलला तर देव बघून घेतो, घर बसतं, वंश बुडतो. आमच्याकडची माणसं कोर्टात खोटं बोलतात. भंडाऱ्यावर बोलत नाहीत.

पुजाऱ्यानं ताट आधी माझ्यापुढं धरलं. बाप माझ्याकडं बघत होता. त्या माणसानं उभ्या जन्मात भंडाऱ्याला घाबरल्याशिवाय हात लावला नव्हता.

मी मूठ भरून भंडारा उचलला. म्हणालो, मी दोन म्हणालो नव्हतो.

माझा आवाज हललाही नाही.

मग ताट परशापुढं गेलं. त्यानं हात पुढं केला. डावा. उजवा प्लास्टरमध्ये होता, खांद्यापासून बोटांपर्यंत, गळ्यात अडकवलेला. पुजाऱ्यानं ताट मागं घेतलं. "डाव्या हातानं भंडारा उचलत न्हाईत, पाव्हणं," तो म्हणाला. वाईट बोलला नाही तो, रीत सांगितली. परशानं प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं ताटाकडं न्यायचा प्रयत्न केला. खांदा पुढं काढला, वाकला, कपाळावर घाम आला. बोटं ताटाच्या कडेला लागली, पण मिटेनात. हळद चिमटीतही येईना. ताट कलंडलं, बेलाची पानं त्याच्या पायावर पडली.

सगळं देऊळ एकदम श्वास घेतं ना, तसं झालं. एक जण हळूच म्हणाला, "देवानंच उचलू दिला न्हाय." मग दुसरा म्हणाला. मग सगळेच.

परशाची आई ताठ उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ह्याचा हात कुणी मोडला, ते इचारा की." कोणी विचारलं नाही. माझ्या मुठीत भंडारा होता, घामानं त्याचा चिखल झाला होता, आणि मी तो कपाळाला लावून घेतला.

हात मी मोडला होता. नेमका तोच, ज्यानं त्याला खरं बोलता आलं असतं. बॅट मारताना एवढं काही ठरवलं नव्हतं, पण देवळात उभा असताना मला ते कळलं, आणि कळल्यावर काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. लाज नाही वाटली. ती फार नंतर आली, आणि तीही टिकत नाही, येते-जाते.

मग मी वाट बघू लागलो. बिरोबा काय करतो त्याची. पहिलं वर्षभर पाण्याच्या मोटारीचं बटण लाकडानं दाबायचो, विजेच्या तारेखालून जात नव्हतो. बायको बाळंतपणाला गेली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर मी रात्रभर बसून होतो. काही झालं नाही. पोरगं धडधाकट झालं. कारखान्यात कायम झालो. विहिरीला पाणी लागलं. बाप म्हातारा होऊन झोपेत गेला, आणि जाण्याआधी लोकांना सांगायचा, आमच्या यल्लाप्पानं भंडारा उचललाय, बघा कसं चाललंय. देवानं मला एक थप्पडसुद्धा मारली नाही. मारली असती तर फिटलं असतं असं मला वाटायचं. पण मार खाऊन फिटणारी ही गोष्ट आहे काय? मार तर परशानंही खाल्ला, त्याचं काय फिटलं?

त्याचा हात वाकडाच बसला. पॉवरलूमवर धागा तुटला की वाकून झटक्यात जोडावा लागतो, ते त्याला जमेना. वडगावशेजारच्या शहापूरला एकाच्या घरी सुताच्या कांड्या भरायला बसतो, जे काम आमच्याकडं घरातल्या म्हाताऱ्या करतात. क्रिकेट सुटलं हे सांगायला नको. त्याला मैदानाच्या कडेलाही परत कुणी बघितलं नाही.

इथं संपवलं तरी चाललं असतं. पण अजून एक आहे.

गेल्या महिन्यात मी निपाणीहून बसनं बेळगावला येत होतो. भर दुपार, बस गच्च. संकेश्वरला माणसं चढली आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला तो परशा. केस पांढरे, समोरचे दात नाहीत. बस हलली तशी त्यानं वरचा दांडा धरायला उजवा हात उचलला, तो खांद्याच्या वर गेलाच नाही, मग डाव्यानं धरला. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यानं मला आधीच ओळखलं होतं.

तो शिव्या देईल, थुंकेल, गळा धरेल असं वाटलं. खरं तर तसं झालं असतं तर मी तयार होतो. त्यानं वाकून हळू आवाजात विचारलं, "बरं हाय न्हवं, अण्णा?" मी म्हणालो, व्हय. मग तो म्हणाला —

"एक इचारू काय? रागवू नगंस. मला आता भांडायचं न्हाय. त्या दिशी तू दोन म्हणालतास न्हवं? इतकी वरसं मी तेच सांगत आलोय सगळ्यांस्नी. पर अलीकडं लई डोस्कं फिरतंय. वाटतंय, तू काय बोललाच न्हाईस, मीच मनानं पळालो. आईबी जाताना म्हणाली, सोड आता, तुझंच चुकलं असंल. तू एवढं सांग. कुणाला सांगणार न्हाय मी."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तेच तोंड, निम्म्या पिचवर गोंधळलेलं. त्याला माझ्याकडून माफी नको होती, काहीच नको होतं. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही एवढंच त्याला हवं होतं, आणि ते सांगणारा जगात मी एकटाच. देऊळ नव्हतं, गाव नव्हतं, बाप मेलेला. फिफ्टीची गोष्ट कुणी माझ्याकडून काढून घेणार नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. खाली मान घालून बोललो असतो तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "लई दिस झालं की रं. ध्यानात न्हाय."

परशानं मान हलवली. त्या दिवशी "दोन" ऐकल्यावर हलवली होती तशीच. "व्हय," तो म्हणाला. "माझंच चुकलं असंल." आणि तो हसला, दात नसलेल्या तोंडानं, मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. बेळगाव येईपर्यंत आम्ही तसेच, तो दांड्याला लोंबकळत, मी बसून. मी त्याला जागासुद्धा दिली नाही.

बॅटनं त्याचा हात मोडला होता. ह्या वेळी हातात बॅट नव्हती, बुटाखाली तंबाखूचे बुडखे नव्हते, भोवती ओरडणारे लोक नव्हते, आणि तरी मी त्याला त्या दिवसापेक्षा जास्त मारलं. तो उतरला, गर्दीत गेला, वाकडा हात अंगाशी धरून. मी मागून हाक मारली नाही. आजही त्याच्याकडं गेलेलो नाही. शहापूर माझ्या रोजच्या वाटेवर आहे.

मी दोन म्हणालो होतो, परश्या. मोठ्यानं म्हणालो होतो, आणि एक पाऊलही टाकलं होतं. तू बरोबर पळालास.